किटकी तेगी

जनवाड्यात राजूबाईला राजूबाई म्हणणारी माणसं थोडी. बाकीचे सगळे 'तेगी वैनी' म्हणतेत. लग्नाची पत्रिका द्यायला आलेला माणूस दारातूनच विचारतो, "तेगी वैनी हायत का घरात?" आणि राजूबाई आतून म्हणते, "हायत. या." चाळीस वर्षं झाली. पहिली काही वर्षं तिला त्या नावाचा राग यायचा, मग नुसती लाज वाटायची, आणि पुढं पायातल्या जोडव्यासारखं ते नाव अंगाचंच होऊन बसलं.

ते कसं पडलं हे आधी सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या एका शब्दावर लटकलंय.

राजूबाईचं माहेर ठाणाकुशनूर. घर लिंगायताचं, पण बोलणं मराठी, शाळा मराठी, तीही सातवीपर्यंत. कन्नड कानावर होतं, तोंडात नव्हतं. शेजारीण अंगण झाडताना लेकीला ओरडायची, "कसा तेगी," म्हणजे कचरा काढ. आडावर बाया म्हणायच्या, "नीर तेगी," म्हणजे पाणी काढ. एवढ्या पुंजीवर तेगी म्हणजे काढ, हे तिनं मनाशी पक्कं करून ठेवलं होतं.

लग्न करून ती जनवाड्याला आली. सासरचा कारभार सगळा कन्नडात. सासू चन्नव्वा कडक आणि कमी बोलणारी. नवरा रेवणप्पा, तो तर बोलायचाच न्हाई, गालात तंबाखू धरून मान हलवायचा. धाकटा दीर ईरण्णा बीदरला कॉलेजात जायचा आणि घरात जेवढी जीभ दोघांच्या वाटणीला यायची तेवढी एकट्याच्या तोंडात घेऊन हिंडायचा.

आठव्या दिवशी सैपाकघरात धूर कोंडला. चन्नव्वा चुलीपुढं भाकरी थापत होती. डोळ्याला पदर लावून ती सुनेला म्हणाली, "किटकी तेगी."

किटकी म्हणजे खिडकी, हे कळलं. तेगी तर येतच होतं. आणि खिडकीकडं बघितल्यावर सासूचं म्हणणं सुनेला पटलंही. उजवा पल्ला वरच्या बिजागरीत ढिला होऊन खाली बसला होता, उघडझाप करताना चौकटीला घासून घासून लाकडावर पांढरा ओरखडा पडलेला. काढून नीट करायलाच झालाय, तिनं मनात म्हटलं. तिचा बाप सुताराच्या दारात कधी गेलेला माणूस न्हाई. घरच्या खिडक्या तो घरीच काढायचा आणि पाचर धरायला ह्याच लेकीला बसवायचा. तिनं पल्ल्याखाली जळणातली चपटी ढलपी सारली, जुन्या सुरीच्या टोकानं खालचे इस्क्रू आधी काढले, वरचे मागनं, आणि दोन्ही पल्ले उचलून भिंतीला उभे केले. धूर भसकन बाहेर गेला.

तेवढ्यात ईरण्णा पाणी प्यायला आत आला. मोकळ्या चौकटीकडं बघितलं, भिंतीला टेकलेल्या पल्ल्यांकडं बघितलं, नव्या वैनीच्या हातातल्या सुरीकडं बघितलं. मग पोट धरून खालीच बसला.

इकडच्या कन्नडात काढायलाही तेगी म्हणतेत आणि उघडायलाही तेगीच म्हणतेत. दार उघडायचं तरी तेगी, तोंड उघडायचं तरी बायी तेगी. कुठं काढायचं आणि कुठं उघडायचं हे ज्याचं त्यानं समजून घ्यायचं असतंय. कन्नडात वाढलेल्याला ते कळतंय, राजूबाईला कळलं न्हाई. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं होतं, आणि जत्रेपर्यंत गावाला.

चन्नव्वा मात्र हसली न्हाई. "आता बसीव," तिला येत होती तेवढ्या मराठीत म्हणाली. राजूबाईनं ढिल्या झालेल्या भोकांत काडेपेटीच्या काड्या ठोकून इस्क्रू घट्ट आवळले. पल्ले बसवले. खिडकी बोटानं लागायला लागली. चन्नव्वानं तीनदा उघडून लावून बघितली आणि भाकरी थापायला बसली. दुसऱ्या दिवशी तिनं सुनेचा हात धरला आणि पुढच्या खोलीतल्या खिडकीपाशी नेऊन उभी केली.

घरात अकरा खिडक्या होत्या. सून म्हणून राजूबाईला त्या घरात पहिल्यांदा काही मिळालं असंल तर त्या अकरा खिडक्या मिळाल्या.

तेव्हापासून दरसाल दिवाळीच्या आधी, पाऊस उघडून लाकूड सुकलं, की ती कामाला लागायची. दिवसाला एक खिडकी, जास्त न्हाई. पल्ल्याच्या आणि चौकटीच्या पाठीला कोळशानं सारखे ठिपके द्यायचे, म्हणजे ज्याचा पल्ला त्याच्याच जागी जातो. काढलेले इस्क्रू ज्वारीच्या पिठाच्या गोळ्यात टोचायचे, वरच्या बिजागरीचे वर, खालच्या बिजागरीचे खाली. गंजलेल्या इस्क्रूवर राकेलचा थेंब सोडायचा आणि एक भाकर भाजून होईपर्यंत वाट बघायची, जोर करायचा न्हाई. काचपेपरनं घासायचं, भेगेत लांबीचा लगदा भरायचा, मग करडीचं तेल कोमट करून चिंधीनं जिरवायचं. काढताना खालनं वर, बसवताना वरनं खाली. गावचा सुतार एकदा दारात थांबून म्हणाला, "वैनी, माझ्या पोटावर पाय कामून द्यायलाव?" राजूबाई म्हणाली, "तुमी रंधा मारून लाकूड खाताव. माझ्या खिडक्यांचं मला जगवायचंय."

घरातल्या कुणी कधी हात लावला न्हाई. ईरण्णा जाता येता विचारायचा, "काय वैनी, किटकी तेगी का?" आणि आल्यागेल्याला गोष्ट सांगायचा. रेवणप्पा ओट्यावर बसून बघायचा. पाचर धरा म्हटलं तर म्हणायचा, "माझ्यानं सरळ धरणं होत न्हाई." चाळीस वर्षांत त्यानं एकदाही धरली न्हाई. राजूबाई डाव्या पायाच्या अंगठ्यानं पाचर दाबून धरायला शिकली.

अकरांतल्या दहा घराच्या होत्या. सैपाकघरातली एक तिची. ती मागं परसात उघडायची. सकाळचं ऊन तिच्यातून येऊन नेमकं परातीत पडायचं. भाकरीला पाणी किती लावायचं ते राजूबाई त्या उजेडात बघायची. कढीपत्त्याचं झाड हाताला यायचं. आभाळ कुठल्या बाजूनं भरलंय, गाय दाव्यातून सुटलीय का, शेजारी कोण आलंय, सगळं तिथूनच कळायचं. त्या लाल दगडाच्या भिंतीला दुसरं भोक नव्हतं. एका बाजूला कोठीची खोली, एका बाजूला दुसऱ्याचं घर. ती खिडकी नसती तर सैपाकघर म्हणजे पेव झालं असतं.

चन्नव्वा गेली. तिचं वर्षश्राद्ध झालं आणि महिन्याभरात ईरण्णानं वाटणी काढली. आता त्याचं मोठ्या रस्त्यावर बी-बियाणांचं दुकान होतं, मुलाचं लग्न होऊन चैत्रा नावाची शिकलेली सून घरात आली होती, आणि त्याला परसात पक्क्या खोल्या बांधायच्या होत्या. पंच ओट्यावर बसले. पुढची बाजू आणि परस ईरण्णाला, मागची बाजू, कोठी आणि सैपाकघर रेवणप्पाला. शेत आधीच वाटलं होतं. कागद लिहायला बीदरहून पंचाक्षरी नावाचा माणूस आणला होता, कन्नडातले कागद लिहिण्यात हात बसलेला.

सगळं ठरत आलं तेव्हा राजूबाई दाराआडून म्हणाली, "माजं एकच म्हणणं हाय. परसाकडली खिडकी उघडी ऱ्हावी. येवढं कागदात लिवा."

"वैनी, तुमची किटकी कोण खायलंय?" ईरण्णा म्हणाला. मग पंचाक्षरीकडं वळून, "लिवा हो. किटकी तेगी म्हणून लिवा."

ओटा हसला. पंच हसले, चहा आणणारी चैत्रा हसली, राजूबाईलाही पदराआड हसू आलं. पंचाक्षरीनं लिहिलं आणि वाचून दाखवलं. लांबलचक कागदी कन्नडात तिला दोनच शब्द ओळखीचे लागले, "किटकी तेगेयतक्कद्दु." किटकी, आणि तेगी. चाळीस वर्षं ज्या शब्दावरून गाव तिला हसलं तो शब्द तिला आता नीट येत होता. खिडकीला तेगी म्हटलं की उघडायचं असतंय, काढायचं नसतंय, ही शिकवण तिच्या अंगात मुरली होती. तिनं मराठीत सही केली, राजूबाई रेवणप्पा. रेवणप्पानं त्याच्या कन्नडात केली.

कागदाची नोंद झाल्यावर पंधराव्या दिवशी ईरण्णा गवंडी घेऊन परसात आला. सोबत सिमेंटच्या विटा आणि सब्बल, म्हणजे पहार. राजूबाई खिडकीतून बघत होती.

"काय बांधायलाव भावजी?"

"आदी काढायचंय. मग बांधायचं."

"काय काढायचंय?"

"तुमची किटकी, वैनी. कागदात हाय की."

तिला वाटलं थट्टा करायलाय. "कागदात उघडी ठिवायची म्हणून हाय."

"तेगेयतक्कद्दु, असं हाय. तेगे म्हणजे काढणं." ईरण्णा आता हसत नव्हता. दुकानात गिऱ्हाइकाला औषधाचं माप सांगावं तसं सांगत होता. "बोलायचं कन्नड येगळं, लिवायचं येगळं. लिवताना उघडायला तेरे म्हणतेत. तेरे म्हणजे उघडा, तेगे म्हणजे काढा. एका अक्षराचा फरक हाय."

"तुमीच सांगितलाव, तेगी म्हणजे उघड. गावभर सांगितलाव."

"ते घरातलं बोलणं होतं."

राजूबाई आतून कागद घेऊन आली आणि चैत्राला हाक मारली. चैत्रा तिला दोड्डव्वा म्हणायची, म्हणजे थोरली आई. तिनं कागद वाचला, सासऱ्याकडं बघितलं, परत कागद वाचला.

"काय लिवलंय गं?"

"दोड्डव्वा, लिवलंय तेगेयतक्कद्दु." तिनं आवाज बारीक केला. "बोलताना दोन्ही होतंय. पण कागदावर... काढावी, असंच म्हणतील."

"पंचाक्षरीला इचारा," ईरण्णा म्हणाला. "मी सांगितलं तेच त्यानं लिवलं."

ते खरंच होतं. त्यानं सांगितलं तेच लिहिलं होतं, अख्ख्या ओट्यासमोर, हसत हसत.

राजूबाई आत गेली. रेवणप्पा कॉटवर बसला होता.

"तुमी कन्नड शाळेत गेलेलाव. वाचलं तवा तुमाला कळलं न्हाई?"

रेवणप्पानं तंबाखू या गालातून त्या गालात नेली. "शंका आली हुती."

"मग?"

"भाऊ हाय. पंचापुढं कशाला."

गंजलेल्या इस्क्रूवर जोर केला की त्याचं डोकंच झिजतंय आणि मग तो कधीच निघत न्हाई, हे तिला माहीत होतं. तिनं जोर केला न्हाई.

बाहेर गवंड्यानं सब्बलीचं टोक चौकटीच्या कडेला लावलं होतं. राजूबाई खिडकीत आली आणि म्हणाली, "ते खाली ठिव. ह्या लाकडाला सब्बल लावायची न्हाई. काढायचीच हाय ना, मी काढते."

"वैनी, दिवस जाईल," ईरण्णा म्हणाला.

"जाऊ द्या. चाळीस वर्सं थांबलाव, आज सांजपतोर थांबा."

तिनं नेहमीसारखं ज्वारीचं पीठ भिजवून गोळा केला, ठिपके दिले, पल्ले काढले. मग छिन्नी घेऊन चौकटीभोवतीचा जुना चुना खरवडायला बसली. चौकटीची चार टोकं भिंतीत रुतलेली होती. आतून झालं तेव्हा बाहेरून करायची पाळी आली. ती परसाच्या दाराशी थांबली.

"तुमच्या परसात पाय ठिवू का भावजी?"

ईरण्णा दुसरीकडं बघायला लागला. गवंडी विटांच्या ढिगावर बसून विडी ओढत होता. थोड्या वेळानं तो उठून म्हणाला, "मावशी, मी धरू?" ती म्हणाली, "तू न्हाई. ज्याला काढायचीय तो धरंल."

दुपार कलली तेव्हा चौकट सुटली. एकटीला पेलण्यासारखी नव्हती, गजांसकट सागवान.

"धरा," ती ईरण्णाला म्हणाली. "तेगी म्हणलाव ना, आता धरा. खालनं."

ईरण्णानं धरली. दोघांनी ती चौकट आतून भिंतीला टेकवली, मोकळ्या भोकाच्या शेजारी. त्याच्या पांढऱ्या सदऱ्याला काळं करडीचं तेल लागलं. चाळीस वर्षांचं मुरलेलं तेल, धुऊन जाणारं नव्हतं. गवंड्यानं दोन तासांत विटा लावल्या. शेवटची वीट बसायच्या आधी परातीतला उजेड हातभर होता, मग बोटभर, मग गेला.

त्या दिवसापासून राजूबाई भर सकाळी दिवा लावून भाकरी करते. धूर मागच्या खोल्यांतून फिरून जातो, सगळ्या घराचे डोळे जाळत. आभाळ भरलंय का ते बघायला तिला रस्त्यापर्यंत जावं लागतं.

श्रावण लागला आणि ईरण्णाच्या बाजूच्या खिडक्या फुगल्या. लाकूडच ते, दरसाल फुगायचं. पण दरसाल राजूबाई आधीच कडेला मेण घासून ठेवायची, त्यामुळं तिकडं कुणाला ठाऊकच नव्हतं की खिडक्या फुगत असतेत. चैत्रानं ओढून बघितल्या, तिच्या नवऱ्यानं लाथ मारून बघितली. पुढच्या खोलीत बियाणांची पोती रचलेली, कोंदट वास सुटला.

एका सकाळी दुकानाला जाताना ईरण्णानं गाडी सुरू ठेवूनच हाक मारली. "वैनी, पुढच्या खोलीतल्या किटक्या गच्च बसल्यात. कुणाला जमंना. तुमी जरा तेगी."

राजूबाई आपल्या दाराच्या ओट्यावर निवडणं करत होती. "काय म्हणलाव?"

"किटकी तेगी, म्हणलं," आणि तो गेला.

तिनं सूप बाजूला ठेवलं. आत गेली, पेचकस, राकेलची बाटली आणि पिठाचा गोळा घेऊन आली. पुढच्या खोलीत तीन खिडक्या, सहा पल्ले. पावसाळ्यातलं लाकूड, बिजागऱ्या आवळलेल्या, पण हात तिचे होते. चैत्रा चहा घेऊन आली तोवर चार पल्ले बाहेर ओसरीच्या भिंतीला उभे होते.

"दोड्डव्वा, सगळेच काढायलाव?"

"तुझ्या सासऱ्यानं सांगितलंय."

सहाही पल्ले तिनं ओळीनं उभे केले, ठिपक्याला ठिपका. इस्क्रूंचा गोळा मधल्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. चहा प्यायली, कपबशी विसळून ठेवली आणि घरी आली.

तीनच्या सुमाराला जनवाड्यावर पाऊस आला, पश्चिमेकडून आडवा. गजांमधून सरळ पोत्यांवर. चैत्रानं चादरी आणून गजांवर टाकल्या, त्या भिजून खाली आल्या. ईरण्णा दुकान तसंच टाकून आला तेव्हा खोलीत पाणी साचलं होतं. तो तसाच भिजलेला राजूबाईच्या दारात उभा राहिला.

"वैनी, हे काय केलाव?"

"तेगी म्हणलाव. तेगीलं."

"उघडायला म्हणलो होतो मी."

"उघडायला तेरे म्हणतेत की भावजी. एका अक्षराचा फरक हाय. तुमीच शिकीवलाव."

ईरण्णाच्या तोंडावरून पाणी गळत होतं. ह्या गोष्टीवर हसायला आज गल्लीत कुणी थांबलं नव्हतं. "बरं, बसवून द्या. बी भिजायलंय."

"लिवून आणा. पल्ले बसवून द्यावेत, असं. कागदावर." ती आत वळली. "मराठीत लिवा. मला कन्नड येत न्हाई."

तो गेला. तेव्हा कॉटवरून रेवणप्पा बोलला. "असं कराय नको हुतंस. भाऊ हाय."

राजूबाई थांबली. "तुमी बोलायलाव व्हय?"

त्यानं मान हलवली.

"पंचापुढं बायी तेगीलं असतं तर माझी खिडकी ऱ्हायली असती. आज तेगून काय करायलाव?"

रेवणप्पानं तंबाखू थुंकली, छत्री घेतली आणि बाहेर पडला. दारातून तिला दिसलं, त्यानं ईरण्णाच्या ओसरीवर जाऊन एक पल्ला उचलला. ईरण्णानं तो चौकटीला लावला आणि रेवणप्पा खाली वाकून पाचर धरायला बसला. दोन्ही हातांनी, सरळ. पल्ला चुकीच्या खिडकीचा होता.

तिनं सैपाकघरात जाऊन दिवा लावला. विटांच्या शेजारी चौकट उभी होती, पल्ले तिच्या पुढ्यात. कोंडलेल्या दमटपणानं सागवानावर पांढरी बुरशी धरली होती. तिनं फडक्यानं ती पुसली, कोपऱ्यात नख घालून पुसली. दिवाळीच्या आधी तेल द्यायला पाहिजे. मग परात ओढली आणि भाकरी थापायला घेतली. पहिली भाकर कुठं करपली ते दिव्याच्या उजेडात दिसलं न्हाई, वास आल्यावर कळलं.